वर बघून चालणारे आमचे जावई

आमच्या जावयांसारखा वर बघून चालणारा माणूस सांगली आणि सातारा या दोन जिल्ह्यांत दुसरा सापडायचा नाही, आणि सापडलाच तर त्याला कुणी मुलगी दिली नसेल. आम्ही दिली. माणसं रस्त्यानं जाताना दुकानं बघतात, गाड्या बघतात, समोरून येणारं ओळखीचं माणूस चुकवता येईल का ते बघतात. हे फक्त छपरांच्या वर बघतात. मोबाइलच्या टॉवरवर जे पांढरे लांबुळके डबे टांगलेले असतात, ते डबे हा त्यांचा धंदा. डबे ते हातानं ठोकत नाहीत. आत काय बसवायचं, कुठं बसवायचं, दोघांत अंतर किती ठेवायचं हे ठरवतात. साताऱ्याच्या एमआयडीसीतल्या एका कंपनीत ते दिवसभर हेच ठरवत बसतात आणि संध्याकाळी बाहेर पडले की दुसऱ्यांनी काय ठरवलंय ते बघत फिरतात. सांगलीच्या मार्केट यार्डात ते असेच एकदा हळदीच्या पोत्यांवर आपटले. मिरजेला स्टेशनाबाहेर म्हशीवर आपटले. म्हशीला ते "सॉरी सॉरी" म्हणाले, तेही वर बघतच.

मुलगी बघायला आले तेव्हाच आम्हाला कळायला हवं होतं. आमचं गाव सांगलीच्या खालच्या अंगाला, कृष्णेच्या काठाला. घराच्या पुढच्या खिडकीतून डेअरीमागचा टॉवर दिसतो. नेमकी तीच खुर्ची यांना दिली. आमच्या मालकांनी शिक्षण विचारलं, शेती किती विचारलं, सगळ्याची उत्तरं खिडकीला मिळाली. आमची वैशाली पोहे घेऊन आली तर हे म्हणाले, "डावीकडचा जरा जास्तच खाली वाकलाय. पलीकडच्या मळ्यांना रेंज येत नसणार." आमचा मळा पलीकडंच. मळ्यातून फोन लागत नाही म्हणून मालक वर्षभर कंपनीला शिव्या घालत होते. त्यांनी आपली खुर्ची उचलून खिडकीपाशी नेली, मग दोघं गच्चीवर गेले, आणि मुलगी ताट हातात धरून उभी राहिली. खाली आल्यावर मध्यस्थानं विचारलं, "मग, मुलगी कशी वाटली?" तेव्हा मी ते पहिल्यांदा पाहिलं. या माणसाचे दोन्ही कान पिकल्या मिरचीसारखे लाल झाले. पुढं मला कळून चुकलं की यांना खोटं बोलता येत नाही, आणि लपवावं असं काही पोटात असलं की कान फितूर होतात. "चांगली आहे," म्हणाले. ते गेल्यावर वैशाली मला म्हणाली, "आई, त्यांनी मला बघितलंच न्हाई."

"मग नको म्हणून कळवू?"

"नको. आजवर आलेल्यांत हा पहिलाच, ज्यानं मला चालून दाखवायला सांगितलं न्हाई."

लग्न झालं.

त्यांचं काम नेमकं काय, हे मला बरेच दिवस कळत नव्हतं. मी चौथी शिकलेली, पण मला कळत नाही असं कुणी मला समजावू लागलं की मी त्याला तिथंच थांबवते. यांना मात्र थांबवता येत नाही, कारण ते समजावत नाहीत, दाखवतात. एकदा स्वयंपाकघरात येऊन उभे राहिले. म्हणाले, पूर्वी टॉवरवर एका कामाला एक डबा असायचा. मग टूजी, थ्रीजी, फोरजी, आता फाइव्हजी, दर वेळी नवा डबा. एवढे डबे झाले की टॉवर वाळत घातलेल्या धुण्यासारखा दिसायला लागला. वजन वाढलं, वाऱ्याचा रेटा वाढला. म्हणून सगळी कामं एकाच डब्यात बसवायची. त्याला मल्टिबँड म्हणतात.

"म्हंजे मिसळणाचा डबा," मी म्हणाले.

ते म्हणाले, "मामी, बरोब्बर. फरक एवढाच, तुमच्या डब्यात हळद मोहरीशी बोलत नाही. माझ्या डब्यात सगळी एकमेकांशी बोलतात. तीच भानगड आहे."

आणि मला काही सुचायच्या आत त्यांनी माझा मिसळणाचा डबा परातीत पालथा केला. दालचिनीच्या मोठ्या काड्या फुल्यांसारख्या मांडल्या आणि त्यांच्या मधल्या जागेत मिऱ्याचे दाणे ठेवले. फोनच्या लांब लाटेला मोठं अंग लागतं, ती दालचिनी. आखूड लाटेला बारकं, ते मिरे. एवढ्याशा डब्यात दोन्ही दाटीवाटीनं बसवायची, आणि दालचिनीची सावली मिऱ्यावर पडली की मिऱ्याचं काम बिघडतं. "मग दालचिनी काढा की," मी म्हणाले. तर म्हणे काढायची नाही. तिचे हात तुकड्यातुकड्यांनी असे जोडायचे की मिऱ्याला ती दिसूच नये. "आहे, आपलं काम करतेय, पण दुसऱ्याच्या वाटेत नाही. एवढं साधलं की झालं, मामी. एवढ्यासाठीच इतकी वर्षं गेली."

"असं सासवांना जमलं तर घरोघरची निम्मी भांडणं मिटतील."

"सासवांना जमेल हो," ते उसासा टाकून म्हणाले. "ॲल्युमिनियमला जमत नाही."

त्या दिवशीच्या आमटीत काय काय पडलं ते मला सांगता येणार नाही. मालकांनी दोनदा मागून घेतली, म्हणून मी गप्प बसले.

ढिला स्क्रू आणि गंजलेला खिळा हे आमच्या जावयांचे जन्माचे वैरी. त्यांच्या पिशवीत एक पाना असतो. पुरेसं आवळलं की तो 'कट्' असा आवाज करतो. हा आवाज ऐकला की त्यांच्या चेहऱ्यावर जे समाधान येतं, ते माणसाच्या चेहऱ्यावर जेवणानंतर येतं. आमच्या घरी आले की चहाच्या आधी ते झोपाळ्याच्या कड्या आवळतात, मग कपाटाची बिजागरं, मग कुकरचे कान. पुतणीच्या लग्नात अक्षता पडत असताना हे मांडवाच्या खांबाशी बसून नट आवळत होते. मांडववाला म्हणाला, "पावणं, उद्या सकाळी मलाच सोडायचं हाय ओ ते!" हे म्हणाले, "उद्या सोडा. आज ढिलं कशाला?" भिंतीतला माझा जुना गंजका खिळा, ज्याला मी सूप अडकवत असे, तो त्यांनी एका दुपारी उपटून टाकला. मी चिडले. तेव्हा त्यांनी मला समोर बसवून सांगितलं. लांबच्या मळ्यातून एखादी बाई फोनवर बोलते, तिचा आवाज टॉवरपर्यंत पोचतो तेव्हा अगदी क्षीण झालेला असतो. टॉवरनं कान देऊन ऐकायचं असतं. तेवढ्यात जवळचा एखादा ढिला जोड, एखादा गंजका तुकडा बोंबलायला लागतो. आपल्याला ऐकू येत नाही, पण टॉवरला दुसरं काही ऐकूच येत नाही. "घरात कुणी आजारी माणूस हळू आवाजात पाणी मागतंय आणि शेजारी कुणी डबडं वाजवतंय, तसं," ते म्हणाले. हे मात्र मला पटलं. सूप मी आता दोरीला टांगते.

आम्ही जैन, आमच्यात दिवस मावळल्यावर जेवत नाहीत. जावईही आमच्यातलेच, त्यांच्या घरीही तीच रीत. पण डब्यापुढं त्यांना सूर्य कुठं आठवतोय! सांगलीला येतो म्हणाले की मी पोळ्या करून ठेवायच्या, आणि हे वाटेत कुठलातरी टॉवर बघत बसून अंधार पडल्यावर दारात हजर. मी भांडी घासून पालथी घातलेली. जावई असले म्हणून काय झालं, मी ताट वाढत नसे. तेही कधी मागत नसत. पाणीसुद्धा न पिता मुकाट झोपायचे. एकदा मात्र वेळ अगदी काठावर आली. अंगणात ऊन उरलं नव्हतं, मी भांडी आवरायला घेतली होती, आणि हे धापा टाकत आले. एकवार वर बघितलं, आणि म्हणाले, "मामी, खाली मावळला. गच्चीवर अजून आहे!"

"सूर्य काय मजल्यामजल्यानं मावळतो व्हय?"

"तसाच मावळतो. चला तर खरं."

मी वर गेले. खरंच, उसाच्या फडांपलीकडं अजून तांबडी कड दिसत होती. मी ताट वर आणलं, आणि आमचे जावई पश्चिमेकडं तोंड करून, उभ्यानं, सूर्यावरची नजर न काढता पोळी-भाजी जेवले. शेवटचा घास आणि शेवटची कड एकदमच संपली. मालक म्हणाले, "जिना चढून एवढं, तर टॉवरवर बसवला तर हा माणूस रातभर जेवंल."

आता जे सांगायचं त्याच्या आधी एक गोष्ट सांगून ठेवते. मी दृष्ट-बिष्ट मानत नाही. आमच्या ट्रॅक्टरला कुणी लिंबू-मिरच्या बांधल्या तर मी सोडून घेते, लिंबाचं सरबत करते आणि मिरच्या ठेच्यात घालते. जावयांना हे फार आवडायचं. ते कंपनीत माझा दाखला द्यायचे. डबा नवा लावताना टॉवरची माणसं नारळ फोडतात, हार घालतात. हे त्यांना बजावायचे, "नारळ खाली फोडा, हार खाली घाला. वर काही बांधायचं नाही. तार नाही, पत्रा नाही, लिंबू नाही. आमच्या मामींना विचारा." एवढा हा माणूस पक्का.

त्यांचा सगळं-एकात असलेला डबा अखेर तयार झाला, आणि त्याची खरी परीक्षा माणच्या माळावर ठरली. दहिवडीच्या पुढं एका टेकडीवर जुना बारीक टॉवर आहे. खाली वाडी. वाडीतले बहुतेक गडी मुंबईला. बायकांना नवऱ्याशी बोलायचं तर ओढ्याकाठच्या एका मोठ्या दगडावर चढून उभं राहायचं. तिथंच तेवढी रेंज. त्या दगडाचं नावच 'बोलायचा दगड' पडलेलं. तिथं उभं राहून घरचं सगळं बोलायचं आणि रांगेतल्या बाकीच्यांनी ते ऐकायचं. टॉवर जुना, चार-पाच डब्यांचं वजन आणि त्या माळावरचा वारा त्याला झेपला नसता. एकच डबा झेपणार होता. म्हणून यांच्या डब्याला संधी मिळाली. चालला, तर पुढं कंपनी तोच सगळीकडं लावणार. नाही चालला, तर तयार डबे बाहेरून विकत घेणार, यांचा विभाग बंद आणि यांची बदली विक्रीच्या कामावर. ज्या माणसाला समोरच्याच्या तोंडाकडं बघता येत नाही, त्यानं गावोगाव जाऊन डबे खपवायचे.

आणि डबा चालेना. सकाळी अगदी स्वच्छ, दुपारी वारा सुटला की खरखर. स्क्रू तपासले, जोड तपासले, वायरी बदलल्या. सगळं घट्ट, सगळं स्वच्छ, आणि दुपारी पुन्हा तेच. मी तेव्हा काही दिवस साताऱ्याला लेकीकडं होते. जावई जेवताना ताटावर बोटानं टकटक करून ऐकत बसायचे. वैशाली हळूच म्हणायची, "आई, झोपेतबी टकटक करत्यात." वाळून पार काडी झाले होते. मला सांगलीला परतायचं होतं तर म्हणाले, "मामी, मी सोडतो." साताऱ्याहून सांगलीला कराडवरून सरळ रस्ता आहे. आमचे जावई दहिवडीवरून गेले. म्हणे वाटेतच आहे. मी भाकरी, शेंगादाण्याची चटणी आणि दही आधीच बरोबर घेतलं होतं.

टेकडीवर त्यांचे मोठे साहेब आधीच आले होते. पुण्याकडचे असावेत, बोलायला चांगले. पण कंटाळलेले दिसत होते. टॉवरखालच्या खोलीत एका पडद्यावर हिरवी रेघ होती. जावयांनी मला दाखवलं. खरखर नसली की रेघ सपाट, आणि असली की गवतासारखी वर येते. दुपार झाली, वारा सुटला आणि माझ्या डोळ्यांसमोर गवत उगवलं.

साहेब म्हणाले, "हे बघा, आज दिवस मावळेपर्यंत थांबतो. नाही सापडलं तर डबा खाली उतरवू. माझाही नाइलाज आहे."

टॉवरवर चढणारा शंकर नावाचा गडी होता, त्याच वाडीचा, मिशा पिकलेला. तो पट्टा लावून वर गेला. खालून हे ओरडायचे, वरून तो.

"मागचे नट बघितले का?"

"घट्ट हायती!"

"वरचा क्लॅम्प?"

"त्योबी घट्ट हाय! समदं घट्ट हाय, साहेब! किती येळा सांगू?"

मी गाडीच्या सावलीत बसले होते. शेवटी साहेब स्वतः पुढं झाले आणि तोंडाशी हात धरून ओरडले, "शंकर, आपण लावलेलं सोडून दे. आपण न लावलेलं काही आहे का वर?"

शंकर वरून म्हणाला, "आपण न लावलेलं म्हंजी... बाहुली हाय की."

"काय आहे?"

"काळी बाहुली! दृष्टीची! डब्याच्या मागं, क्लॅम्पापाशी. पयल्या दिसापास्नं हाय."

"अरे मग आजवर बोलला का नाहीस?"

"तुमी नट इचारलं, मी नटाचं सांगितलं! बाहुली कुटं इचारलीसा?"

"काढ ती!"

"न्हाई बा! दृष्टीची वस्तू हाय ती. ज्यानं बांधली त्यानं सोड म्हणावं, मग हात लावतो. आमाला पोरंबाळं हायती!"

साहेब गर्रकन वळले. खोलीतला पडदा बघणारा माणूस बाहेर आला. आणि टेकडीवर जेवढी माणसं होती तेवढी सगळी माझ्याकडं बघायला लागली. नऊवारी, कपाळाला ठसठशीत कुंकू, गुडघ्यावर हात ठेवून बसलेली म्हातारी. दुसरं कुणाकडं बघणार? मी तोंड उघडून चांगलं सुनावणार होते. सुनावायच्या आधी जावयांकडं पाहिलं.

ते वर बघत नव्हते. लग्नानंतर पहिल्यांदा हा माणूस जमिनीकडं बघत होता, आणि त्याचे दोन्ही कान लालभडक झाले होते.

त्यांनी तोंड उघडलं. "साहेब, ती..."

मी उठले ती त्यांच्या पायावर पाय देऊनच. मग वर मान करून ओरडले, "सोड रं शंकर! मी बांधलीया, मी सांगते. सोड!"

"तुमी कोन, आवं?"

"ह्यांची सासू!"

शंकरला ते एकदम पटलं. "मग ठीक हाय," म्हणाला आणि सोडली.

खाली आणून त्यानं ती साहेबांच्या हातात दिली. बाजारात मिळते तसली, हातभर उंचीची, काळ्या कापडाची. काळ्या दोऱ्यानं नीट बांधलेली, गाठी अगदी एकसारख्या. पण एका पायाचं कापड वाऱ्यानं घासून फाटलं होतं आणि आतून तार बाहेर आली होती. लोखंडाची, गंजून तांबडी झालेली. वारा सुटला की बाहुली पाय हलवायची, पाय क्लॅम्पवर घासायचा, आणि खालच्या वाडीतल्या बायकांचं बोलणं बुडून जायचं. जावयांनी ती हातात घेतली, तो पाय दोन बोटांत धरला आणि स्वतःशी म्हणाले, "आत तार होती." मग जमिनीवर बसले.

साहेब मला म्हणाले, "मावशी, तुमच्या श्रद्धेपायी आमचा अख्खा प्रोजेक्ट चालला होता!"

"आता परत आला न्हवं? मग हसा की," मी म्हणाले. ते हसले. हसायला सुरुवात केल्यावर थांबेनात.

पण खरी परीक्षा पुढंच होती. बाहुली काढली तेव्हाच वारा पडला. वाऱ्याशिवाय काही कळणार नव्हतं. आम्ही सगळे वाट बघत बसलो. साहेब, शंकर, जावई, मी. त्या माणमध्ये वारा हवा म्हणून कुणी बसलेलं मी कधी ऐकलं नव्हतं. उन्हं कलली. मग खालच्या माळावर धूळ उठलेली दिसली, ती ओढा ओलांडून वर आली, आणि टॉवर वाजायला लागला. जावई खोलीत गेले नाहीत. बाहेरच उभे राहिले, पाठ करून. साहेबच आत गेले. बराच वेळ गेला. मग साहेब दारात आले आणि त्यांनी फक्त तळहात आडवा धरून दाखवला. सपाट.

शंकरनं खिशातून फोन काढून वाडीतल्या बायकोला लावला. "कुटं हायस? दगडावर? उतर. उतर खाली, घरात जा, उंबऱ्यावर उभी ऱ्हा... आता बोल. येतंय का ऐकू?" पलीकडून ती काय म्हणाली ते आम्हा सगळ्यांना ऐकू आलं. म्हणाली, "वरडताय कशाला? भैरी हाय व्हय मी?"

वाडीत सावली उतरली होती. टेकडीवर मात्र अजून ऊन होतं. मी फडकं सोडलं. जावई माझ्यासमोर बसले, पश्चिमेला तोंड करून, आणि इतक्या दिवसांनी भाकरी पोटभर जेवले. ताट वाजवून बघितलं नाही. मीही त्या दिवशी उंचावरच्या सूर्यावर जेवले. माझ्या सासूनं बघितलं असतं तर काय म्हणाली असती कोण जाणे; पण सूर्य होता, हे खरं.

गाडी विट्याच्या रस्त्याला लागली तेव्हा ते म्हणाले, "मामी..."

"रस्त्याकडं बघा."

थोडं पुढं गेल्यावर म्हणाले, "डबा वर चढवायच्या आधीच मी ती दोऱ्यानं बांधली होती. मुद्दाम सुती दोरा घेतला. कापडाची बाहुली, सुती दोरा, काही बिघडायचं कारण नव्हतं. आत तार असेल असं मनातसुद्धा आलं नाही."

"बांधली कशाला पण? तुमी? लोकांला माझा दाखला देणारं?"

त्यांनी गाडी हळू केली आणि म्हणाले, "जेवढं मोजता येतं तेवढं सगळं मोजलं होतं, मामी. थोडं उरतंच. त्या उरलेल्यासाठी बांधली."

मी पुष्कळ काही बोलले असते. पण बोलले ते एवढंच. "मला सांगायचं हुतं. चिंधीची करून दिली असती. आत कापूस भरून."

ते हसले नाहीत. गाडी थांबवली, खाली उतरून मागं गेले, आणि परत येऊन बसले तेव्हा त्यांचे डोळे लाल होते. कान नव्हते.

पुढचं सांगून टाकते. जावयांना खोटं पचत नाही. त्याच आठवड्यात त्यांनी साहेबांच्या खोलीत जाऊन खरं सांगितलं, बाहुली मीच बांधली होती, मामींनी नाही. साहेबांनी त्यांच्या पाठीवर हात ठेवला आणि म्हणाले, "राहू द्या हो. सासूला पाठीशी घालणारा जावई मी पहिल्यांदाच बघतोय." त्यांनी पुन्हा सांगितलं. साहेबांनी पुन्हा पाठ थोपटली. आता त्या कंपनीत नवा माणूस लागला की त्याला आधी आमची गोष्ट सांगतात, अडाणी सासू आणि तिची काळी बाहुली. वर काही बांधायचं नाही हे शिकवायला. मला त्याचं काही नाही. मोठ्यांनी आपल्या जागेवर असावं आणि लहानांच्या वाटेत येऊ नये, हे मला परातीतल्या दालचिनीनं शिकवलंय. तरी एकदा खरं कागदावर असावं म्हणून लिहिते. दृष्ट मी तेव्हाही मानत नव्हते, आजही मानत नाही. चिंधीची एक बाहुली मात्र मी केली, कापूस भरून, आणि पुढच्या खेपेला त्यांच्या पान्याच्या पिशवीत टाकली. त्यांनी ती कुठं ठेवली ते मी विचारलं नाही आणि त्यांनीही सांगितलं नाही.

आता त्यांचा तो डबा लांब लांब लागतो. डोंगरात, वाळवंटात, कुठल्या कुठं. जिथं लागतो तिथं हे जातात. वैशाली फोनवर सांगते, आज इथं आहेत, उद्या तिथं. सांगलीला येणं होत नाही पहिल्यासारखं. झोपाळ्याच्या कड्या ढिल्या झाल्यात, करकरतात. मी दुसऱ्या कुणाकडून आवळून घेतल्या नाहीत. मालक गेल्यापासून घरात मी एकटीच. अंगणातलं ऊन गेलं की ताट घेऊन गच्चीवर जाते. गुडघे कुरकुरतात, पण वर थोडा उजेड जास्त मिळतो. डेअरीमागच्या टॉवरवरचे ते सगळे जुने डबे काढून मागच्या उन्हाळ्यात तिथं त्यांचाच एक लावलाय. आता मळ्यातूनसुद्धा फोन लागतो. मालकांना शिव्या घालायला जागाच उरली नसती.

परवा शेजारीण खालून ओरडली, "काकू, घास हातात धरून वर काय बघताय आवं, कवाधरनं?"

मी म्हणाले, "काय न्हाई गं. सरळ हाय का, ते बघतीया."